नासपती पिकवून विकावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फळे ‘गॅसवर पिकवण्या’विषयी आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात आलेली वाचकपत्रे मी लक्षपूर्वक वाचली. झाडाने दिले ते शुद्ध आणि त्यानंतर माणसाने फळावर जे काही केले ती भेसळ, असा त्या बहुतेक पत्रांचा सूर होता. कार्बाइड वापरणाऱ्यांवरचा त्यांचा राग रास्त आहे आणि त्यात मी त्यांच्या बरोबर आहे. मात्र गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सत्तावीस वर्षे फळांचा गाळा चालवल्यानंतर मला हे सांगणे आवश्यक वाटते, की निदान एका फळाच्या बाबतीत हा समज ग्राहकाचे सरळसरळ नुकसान करतो. ते फळ म्हणजे दुकानांत ज्याला ‘पेअर’ म्हणतात ती परदेशी नासपती. ती विकण्यापूर्वी पिकवायलाच हवी आणि आपल्याकडे ती जवळजवळ कोणी पिकवत नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र आहे.

माझी आई सत्याऐंशी वर्षांची आहे. दात गेल्यामुळे तिला सफरचंद किसून द्यावे लागते, आणि किसलेले सफरचंद तिला मुळीच आवडत नाही. मऊ आणि रसाळ फळ म्हणून मागच्या फाल्गुनात मी घराजवळच्या एका मोठ्या दुकानातून हिरव्या नासपतींचा चार फळांचा ट्रे आणला. फळे देखणी होती, सालीवर डाग नव्हता, देठ शाबूत होते. सुरी लावली तेव्हा कच्चा बटाटा चिरल्यासारखा कर्र आवाज आला, आणि फोडीला काकडीइतकीही चव नव्हती. आईने फोड ताटलीत परत ठेवली आणि म्हणाली, “अरे, हे अजून अढीत घालायचंय. तुला कच्चंच दिलंय कोणीतरी.” देवगडकडच्या घरात तिने चाळीसेक वर्षे आंब्याच्या अढ्या लावल्या आहेत. उरलेली तीन फळे तिने तांदळाच्या डब्यात पुरायला लावली, बाजूला एक पिकलेले केळे ठेवले आणि रोज सकाळी पूजा झाल्यावर ती डबा उघडून प्रत्येक फळाच्या देठाशी अंगठा टेकवून पाहू लागली. पाचव्या दिवशी एक फळ देठाशी किंचित दबले. ते कापले तेव्हा ताटलीत रस उतरला आणि स्वयंपाकघरभर मधासारखा वास सुटला. आईने ते एकटीने संपवले. दुसरे फळ आठव्या दिवशीही टणकच राहिले आणि त्याची साल मात्र सुरकुतली. तिसरे बाहेरून चांगले दिसत होते, पण कापल्यावर गाभ्याभोवती चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी लगदा निघाला. म्हणजे सव्वादोनशे रुपयांत आम्हाला एक नासपती मिळाली, आणि तीही आईला अढीचे ज्ञान होते म्हणून.

या फळाचा स्वभाव समजून घेतला की त्या चार फळांचे चार प्रकार कसे झाले ते कळते. आंब्याला झाडावर पाड लागतो, आणि पाडाच्या आंब्याची गोडी सांगणारी माणसे कोकणात घरोघरी आहेत. युरोपीय वंशाची नासपती झाडावर अशी पिकत नाही. ती आतून बाहेर पिकत येते, त्यामुळे झाडावरच ठेवली तर साल खाण्याजोगी दिसेपर्यंत गाभा सडू लागतो आणि गरात वाळूसारखे कण दाटतात. म्हणून जगात जिथे जिथे हे फळ व्यापारासाठी घेतले जाते तिथे ते पूर्ण वाढलेले पण टणक असतानाच तोडतात. त्याच्या पुढची गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते. तोडलेली नासपती लगेच उबेत ठेवली तर ती धड पिकत नाही. तिला आधी थंडी लागते. बार्टलेट जातीला दोन-तीन आठवडे, कॉमिसला साधारण महिनाभर आणि आंजू नावाच्या हिरव्या, अंडाकृती जातीला जवळपास ६० दिवस शून्याखाली एक अंश तापमानात काढावे लागतात, तेव्हा कुठे फळ स्वतःला पिकवणारा एथिलीन वायू पुरेसा तयार करण्याच्या अवस्थेला येते. ही थंडी पुरी होण्याआधी फळ बाजारात आले तर ते मऊ होण्याऐवजी सुकते. उलट ते शीतगृहात फार महिने राहिले तर त्याची पिकण्याची ताकदच ओसरते आणि ते आतून खराब होते. आमच्या ट्रेमधल्या त्या दोन फळांची गत याच कारणांनी झाली असावी.

माझी मुलगी अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात राहते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मी तिच्याकडे होतो, तेव्हा तिने मला शंभरेक किलोमीटरवरच्या हूड रिव्हरच्या खोऱ्यात नेले. ओरेगन आणि शेजारचे वॉशिंग्टन ही दोन राज्ये मिळून अमेरिकेतल्या ताज्या नासपतींपैकी बहुतांश पिकवतात, आणि या खोऱ्यात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगराच्या पायथ्यापर्यंत नासपतीच्या बागा आहेत. मी फळवाला आहे असे कळल्यावर एका पॅकिंग हाऊसच्या माणसांनी मला आत येऊ दिले. तिथे एका टेबलावर एक बाई तोडीचा माल तपासत होत्या. त्या फळाच्या गालावरची नाण्याएवढी साल काढत आणि त्या जागी एका दाबयंत्राची बोटाहून बारीक दांडी गरात रोवत. किती पौंड जोर लागला ते काट्यावर दिसे. आंजू तोडताना हा आकडा १३ ते १५ पौंडांच्या आसपास असावा लागतो आणि खाण्याजोग्या फळाचा तो ५ पौंडांच्या खाली येतो. बाजारात मी आयुष्यभर फळ हातात घेऊन आणि वास घेऊन ‘तयार’ की ‘कच्चे’ ते ठरवले. तीच पारख त्या बाईंनी आकड्यात बांधली होती, आणि त्या आकड्यांवर बागायतदार, शीतगृहवाला आणि दुकानदार या तिघांचे एकमत होते.

शेजारच्या इमारतीत पिकवण्याच्या खोल्या होत्या. आपल्याकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये ज्याने पाऊल ठेवले आहे त्याला तिथे नवे काही दिसणार नाही. खोक्यांच्या थप्प्यांमधून पंखे हवा ओढून घेत होते, कोपऱ्यातले एक लहान यंत्र अल्कोहोलपासून एथिलीन तयार करत होते आणि भिंतीवर तापमान व वायूचे प्रमाण उमटत होते. थंड फळ आधी २० अंशांच्या आसपास उबवायचे, त्याला एक ते तीन दिवस १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) एथिलीन द्यायचे, फळांच्या श्वसनाने साठणारा कार्बन डायऑक्साइड वेळोवेळी बाहेर सोडायचा, कारण तो साठला की पिकणे अडते, आणि मग फळ पुन्हा थंड करून गाडीत भरायचे, असा तो क्रम आहे. महत्त्वाची गोष्ट अशी, की गाडीत चढताना फळ टणकच असते. त्याच्या आत पिकण्याची क्रिया फक्त सुरू करून दिलेली असते, त्यामुळे प्रवासात ते दबत नाही आणि दुकानातून घरी नेल्यावर एक-दोन दिवसांत, तेही सगळे एकसारखे, खाण्याजोगे होते. प्रत्येक फळ पातळ कागदात गुंडाळून ४४ पौंडांच्या खोक्यात भरण्याची तिथली जुनी रीत मला फार आवडली. देवगडच्या पेटीत पेंढ्यावर आंबा बसवणाऱ्या माणसांचीच ती काळजी होती.

हा खर्च ते का करतात, असे मी विचारले. उत्तर ग्राहकाच्या वागण्यातून आलेले होते. तिथलीही गृहिणी आठवड्याचा बाजार एकदा करते, आणि शनिवारी आणलेले फळ तिला सोमवारच्या डब्यात हवे असते. दगडासारखी नासपती घेऊन ती आठवडाभर वाट पाहत नाही. एकदा फसली की पुढच्या खेपेला केळी किंवा द्राक्षे घेते, आणि दुकानदाराला ती का परतली नाही हे कधीच कळत नाही. अॅव्होकॅडोच्या व्यापाराने हा धडा आधी घेतला होता: पिकवून ठेवलेले अॅव्होकॅडो दुकानांत दिसू लागले तसा त्यांचा खप वाढला. नासपतीच्या बागायतदारांनी मग तोच मार्ग धरला. १९३१ साली स्थापन झालेली त्यांची वायव्येकडची प्रचारसंस्था ग्राहकांना आणखी एक साधी गोष्ट शिकवते, ती म्हणजे फळाची मान दाबून पाहा. आंजू पिकल्यावरही हिरवीच राहते, त्यामुळे रंगावरून तिच्याविषयी काहीही समजत नाही. देठाजवळची मान अंगठ्याने हलकेच दाबावी, ती दबली तर फळ आतपर्यंत तयार आहे. बुडाशी दाबून पाहिले तर ते मऊ लागेपर्यंत गाभा गेलेला असतो. हे मी तिथल्या एका दुकानात, नासपतीच्या ढिगावरच्या पाटीवर वाचले, आणि माझी आई तांदळाच्या डब्यात हात घालून नेमके हेच करते.

आता ‘गॅस’ या शब्दाकडे वळतो, कारण पत्रलेखकांची भीती त्या शब्दाभोवती आहे. कॅल्शियम कार्बाइड हा खडा ओलाव्याशी आला की अॅसिटिलीन सोडतो. औद्योगिक खड्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, तो हाताळणाऱ्याला अपाय होतो, आणि त्याने फळाची साल पिवळी झाली तरी गर कच्चाच राहतो. म्हणूनच २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत त्याला बंदी आहे, आणि तो वापरणाऱ्यावर कारवाई व्हावी यासाठी आम्ही व्यापाऱ्यांनीही मागणी केली पाहिजे. एथिलीनची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. तो वायू फळ स्वतःच तयार करते. १९३४ मध्ये गेन नावाच्या इंग्रज संशोधकाने सफरचंदांवर प्रयोग करून ते सिद्ध केले, पण त्याचा उपयोग माणसाने नाव कळण्याच्या कितीतरी आधीपासून केला आहे. जुन्या चीनमध्ये बंद खोलीत नासपती ठेवून धूप जाळत असत, असे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आवर्जून सांगितलेले असते. धुरातला एथिलीन फळाला लागायचा. आपली अढीही याच तत्त्वावर चालते. पेंढ्यात आंबे दाटीने रचले की पहिल्या तयार आंब्याचा वायू आत कोंडतो आणि उरलेल्यांना जागे करतो. माझ्या आईने डब्यात केळे ठेवले तेही त्याचसाठी. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून फळे पिकवण्यासाठी १०० पीपीएमपर्यंत एथिलीन वायू वापरण्यास परवानगी दिलेली आहे. १०० पीपीएम म्हणजे दहा हजार लिटर हवेत एक लिटर वायू. कार्बाइडची पुडी आणि ही खोली यांना एकाच शिवीखाली आणले, की प्रामाणिक माणूस खोली बांधायला कचरतो आणि पुडीवाल्याचे मात्र काहीच बिघडत नाही. आपल्या वार्ताहरांनी या दोन गोष्टींना दोन वेगळी नावे द्यावीत, अशी माझी नम्र सूचना आहे.

आपल्या शहरांत विकली जाणारी परदेशी नासपती दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि युरोपातून येते. समुद्रप्रवासाचे आठवडे आणि त्याआधीचे शीतगृह यांमुळे तिची थंडीची गरज बहुधा वाटेतच भागलेली असते, म्हणजे न्हावा शेव्याला उतरलेला माल बहुतेक वेळा पिकायला सज्ज असतो. तिथून तो पुन्हा शीतगृहात जातो, शीतगृहातून दुकानाच्या थंड कपाटात आणि तिथून ग्राहकाच्या फ्रिजमध्ये. उबेची एक पायरीही त्याच्या वाट्याला येत नाही. वाशी असो की पुणे, केळीच्या वखारी आणि चेंबर आपल्याकडे आहेत. जळगावचे केळे त्यांतूनच आपल्या हाती येते. केळ्याला १६ ते १८ अंश लागतात आणि नासपतीला थोडी जास्त ऊब, त्यामुळे दोन्ही एका खोलीत कोंबता येणार नाहीत, परंतु यंत्रसामग्री तीच आहे आणि चालवणारे हातही तेच आहेत. गाडाभर फळ एकदम पिकवून ठेवावे असेही मी म्हणत नाही. आठवड्याला जेवढे खपते तेवढ्याच पेट्या दर तीन दिवसांनी उबवाव्यात, उरलेला माल थंडीत ठेवावा.

दुकानदारांची अडचण मला कळते, कारण ती माझीही होती. तयार माल हमालाने आपटला तर तो डागी होतो, ग्राहकाने दहा फळे दाबली तर सहा फळांवर बोटे उमटतात, आणि संध्याकाळी उरलेला ढीग उद्या निम्म्या भावाने द्यावा लागतो. कच्चे फळ महिनाभर तसेच दिसते, म्हणून ते ठेवणे सोपे. परंतु हाच विचार आपण हापूसच्या बाबतीत कधी केला नाही. कैरी विकून ग्राहकाला ‘घरी पिकवा’ असे आंब्याचा व्यापारी म्हणत नाही; तो आजचा आंबा, उद्याचा आंबा आणि परवाचा आंबा वेगवेगळा काढून देतो. ग्राहकही ‘गुरुवारी पाहुणे आहेत’ असे सांगून त्याप्रमाणे डझन उचलतो. नासपती घेणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न विचारणारा दुकानदार मला पुण्यात अजून भेटलेला नाही. ढिगाचे दोन भाग करावेत, एकावर ‘आज खाण्यासाठी’ आणि दुसऱ्यावर ‘तीन दिवसांनी’ अशी पाटी लावावी, आणि मान कशी दाबायची ते चार शब्दांत लिहावे. शिवाय जात लिहावी, कारण ती न लिहिल्याने मोठा घोटाळा होतो. पावसाळ्यात पंजाबातून येणारी पत्थरनाख ही आशियाई वळणाची, कुरकुरीत खायची नासपती आहे. तिला अढीत घालण्याची गरज नाही आणि ती मऊ होण्याची वाट पाहणाऱ्याची निराशाच होईल. हिमाचल आणि काश्मीरची बब्बूगोशा मात्र युरोपीय जातीची, मऊ होणारी आणि झपाट्याने उतरणारी. तिला दोन दिवसांच्या पलीकडे बाहेर ठेवू नये. हातगाडीवर या दोन्हींना ‘नासपती’ हे एकच नाव असते आणि दुकानातल्या परदेशी फळालाही तेच. एकाच नावाखाली तीन वेगळ्या वागणुकीची फळे विकली गेल्यावर ग्राहकाने कोणत्या अनुभवावर विसंबायचे?

घरी कच्चे फळ आलेच, तर वाचकांनी ते फ्रिजमध्ये ठेवू नये. कागदी पिशवीत किंवा तांदळात, एका पिकलेल्या केळ्यासोबत, दोन फळे एकमेकांवर दाबली जाणार नाहीत अशा बेताने ठेवावे आणि रोज मान पाहावी. दबू लागली की मग फ्रिजमध्ये. तिथे ते आणखी तीन-चार दिवस टिकते.

माझा गाळा आता पुतण्या चालवतो. येत्या मोसमात परदेशी नासपतींच्या पाच पेट्या शेजारच्या केळीच्या चेंबरमधली एक रिकामी खोली भाड्याने घेऊन पिकवायच्या आणि दोन ढिगांत मांडून विकायच्या, असे आम्ही ठरवले आहे. किती फळे आतून खराब निघतात, किती दिवसांत तयार होतात आणि किती ग्राहक परत येऊन पुन्हा मागतात, याची वही आम्ही ठेवू, आणि फळधंद्यातल्या ज्या कोणाला ती पाहायची असेल त्याला दाखवू. पहिल्या पेटीतली दोन फळे, आईच्या अंगठ्याने तपासून, घरी जातील.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फळव्यापारी, पुणे